जुन्या सागवानी फर्निचरला नवं पॉलिश: मन निवांत करणाऱ्या छंदाबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

माळ्यावरचा चौरंग, आजोबांची आरामखुर्ची, गॅलरीत उन्हापावसात पडलेलं स्टूल. अशा वस्तू घरच्या घरी, हातानं, सावकाश दुरुस्त करू पाहणाऱ्यांसाठी ही उत्तरं आहेत. धंदा म्हणून पॉलिश करणाऱ्या कारागिराला वेळेचं गणित सांभाळावं लागतं. तुम्हाला ते नाही, आणि या छंदाचं सगळं सुख त्यातच आहे.

या कामानं ताण खरंच हलका होतो का?

बहुतेकांचा होतो, आणि त्याची कारणं साधी आहेत. हात एकाच लयीत चालतात, नजर लाकडाच्या रेषांवर असते, हाताला धूळ लागलेली असल्यामुळे फोन बाजूला राहतो. लाकूड घाई चालू देत नाही: सरस सुकायला जेवढा वेळ लागतो तेवढा लागतोच. अमेरिकेतल्या ड्रेक्सेल विद्यापीठात गिरिजा कैमल आणि सहकाऱ्यांनी २०१६ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात ३९ प्रौढांनी ४५ मिनिटं माती, रंग, कागद यांच्याशी खेळत काहीतरी बनवलं, आणि सुमारे ७५ टक्के जणांच्या लाळेतलं कॉर्टिसॉल हे ताणाचं संप्रेरक कमी झालेलं दिसलं. तो अभ्यास सुतारकामाचा नव्हता आणि छोटाही होता, म्हणून त्यावरून फार मोठा दावा करू नये. पण ४५ मिनिटांची बैठक हे माप आम्हाला योग्य वाटतं. त्याहून जास्त घासत राहिलं की मनगट आणि मान बोलायला लागतात.

हे उपचार नव्हेत. झोप उडाली असेल, कशातच मन लागत नसेल, तर आधी डॉक्टरांशी बोला. टेलिमानस या सरकारी हेल्पलाइनचा १४४१६ हा क्रमांक चोवीस तास नि:शुल्क आहे आणि तिथे मराठीत बोलता येतं.

पहिली वस्तू कोणती निवडावी?

भरीव सागवानाचं स्टूल, पाट किंवा चौरंग. सपाट पृष्ठभाग, कमी कोपरे, नक्षी नाही, आणि उचलून आत-बाहेर करता येईल एवढं वजन. कपाट, पलंग किंवा सहा खुर्च्यांचा संच पहिल्यांदा घेऊ नका. एक खुर्ची होते, उरलेल्या पाच डोळ्यांसमोर उभ्या राहतात, आणि छंदाचं ओझं होतं. घरात काही नसेल तर पुण्याच्या जुन्या बाजारात किंवा मुंबईत ओशिवऱ्याच्या जुन्या फर्निचरच्या दुकानांत एकेकट्या वस्तू मिळतात. घेताना उलटी करून खालची बाजू पाहा. वरून चकचकीत असलेली वस्तू खालून प्लायची निघते, तशीच कळकट दिसणारी अस्सल सागाचीही निघते.

कोणत्या वस्तूंना हात लावू नये?

रंगकाम हेच जिचं मोल आहे अशा कुठल्याही वस्तूला. सावंतवाडीचं लाखकाम केलेले पाट आणि देव्हारे, गुजरातमधलं संखेड्याचं फर्निचर, सोनेरी वर्ख किंवा चित्रं असलेल्या पेट्या, हस्तिदंती जडावाची पोर्तुगीज वळणाची गोव्यातली कपाटं. यांवरचा थर एकदा गेला की गेला. कोरड्या मऊ ब्रशनं धूळ काढा आणि थांबा.

प्लायवरच्या पातळ सागवानी पापुद्र्यालाही, म्हणजे व्हिनियरलाही, नवशिक्यानं पॉलिश पेपर लावू नये. आजकालचं व्हिनियर जेमतेम अर्धा मिलिमीटर असतं आणि कडेला चार हात जास्त मारले की खालचं प्लाय दिसायला लागतं. ते झाकता येत नाही.

लाकूड कोणतं आहे हे कसं ओळखायचं?

न दिसणाऱ्या जागी, पायाच्या आतल्या बाजूला, इंचभर भाग घासून बघा. साग सोनेरी तपकिरी दिसतो, हाताला किंचित तेलकट लागतो आणि घासल्यावर चामड्यासारखा वास येतो. शिसवी जांभळट काळपट असतं आणि सागापेक्षा स्पष्टपणे जड. कोकणात आणि गोव्यात फणसाचं लाकूड भरपूर वापरलेलं दिसतं: ताजं घासलं की पिवळंधमक, जुनं झालं की तपकिरी. आंब्याचं लाकूड फिकट असतं, रेषा विस्कटलेल्या असतात आणि त्याला कीड लवकर लागते.

हे ओळखणं कामाचं आहे. सागाच्या तेलामुळे सरस आणि तेलयुक्त व्हार्निश नीट बसत नाही. त्यामुळे ते लावण्याआधी थिनरच्या फडक्यानं जागा पुसून, दहा मिनिटांत काम उरकायचं. शिसवीचा रंग पॉलिशच्या स्पिरिटमध्ये सुटतो. शेजारी फिकट लाकडाचा जडाव असेल तर तो जांभळा होतो, म्हणून तिथे स्पिरिटचा ओला बोळा फिरवायचा नाही.

वरचं जुनं पॉलिश लाखेचं आहे की दुसरं काही?

कापसावर स्पिरिट घेऊन आडोशाच्या जागी मिनिटभर दाबून धरा. थर मऊ होऊन कापसाला तपकिरी रंग लागला, तर ते लाखेचं पॉलिश. काहीच झालं नाही तर एनसी (नायट्रोसेल्युलोज) थिनर लावून बघा. त्यानं विरघळलं तर लॅकर. दोन्हींना दाद दिली नाही तर मेलामाइन किंवा पीयू (पॉलियुरेथिन) हे कडक आधुनिक पॉलिश समजा. जुन्या घरांतल्या वस्तूंवर बहुतेक वेळा लाखच निघते, आणि ती आनंदाची बातमी आहे, कारण लाखेवर लाख पुन्हा एकजीव होते.

मग सगळं खरवडायलाच हवं का?

नाही, आणि हे आवर्जून सांगायचं आहे, कारण नव्या माणसाचा हात आधी पॉलिश पेपरकडेच जातो. पन्नास-साठ वर्षांत लाकडाला आलेला रंग वरच्या पातळ थरात असतो; तो घासून टाकला की वस्तू कालच बनवल्यासारखी दिसते.

आधी फक्त धुऊन बघा. अर्धा लिटर कोमट पाण्यात भांडी घासायच्या लिक्विडचे चार-पाच थेंब, त्यात फडकं बुडवून घट्ट पिळायचं आणि पुसायचं. लगेच कोरड्या फडक्यानं टिपायचं. नंतर दुसरं फडकं टर्पेंटाइनमध्ये भिजवून पुसायचं. मेण, स्वयंपाकघरातलं तेल, समईची काजळी यात निघते. देव्हाऱ्यावरचा काळा थर पुष्कळदा एवढ्यानंच जातो आणि खाली शाबूत पॉलिश सापडतं. मग पातळ लाखेचे दोन हात, म्हणजे थर, पुरतात. तीन बैठकांचं काम, आणि वस्तूचं वय तिच्या अंगावर राहतं.

थराला मगरीच्या पाठीसारखे तडे गेले असतील, तो खपल्यांनी सुटत असेल किंवा वर ऑइलपेंट असेल, तरच पूर्ण काढा.

सुरुवातीला काय काय सामान लागेल?

एका स्टुलासाठी: पॉलिश पेपर १००, १५०, २२० आणि ३२० नंबरचे प्रत्येकी दोन (नंबर जेवढा मोठा तेवढा कागद बारीक), १०० ग्रॅम चपडा लाख (लाखेच्या पातळ पापड्या), एक लिटर पॉलिशचं स्पिरिट, अर्धा लिटर टर्पेंटाइन, लहान बाटली जवसाचं तेल, कापूस आणि जुन्या धुतलेल्या मलमलीचे किंवा सुती धोतराचे तुकडे, लाकडासाठीचा सफेद सरस, हातमोजे, एन-९५ मास्क. घासायला तळहाताएवढा लाकडाचा ठोकळा, त्याला खालून बुचाचा किंवा जाड रबराचा तुकडा चिकटवलेला. मशीन नको. मशीनचा आवाज आणि धूळ मनाची शांतता घालवतात आणि गोल ओरखडे मागे ठेवतात, जे पॉलिश चढल्यावरच दिसतात.

जुना ऑइलपेंट कसा काढावा?

जपून. भारतात घरगुती रंगांतल्या शिशाचं प्रमाण दहा लाखांत ९० भागांपर्यंत मर्यादित करणारा नियम १ नोव्हेंबर २०१७ पासून लागू झाला. त्याआधीच्या कुठल्याही ऑइलपेंटमध्ये शिसं असेल असंच धरून चाला. तो कोरडा घासायचा नाही, जाळायचा नाही. घरात लहान मूल किंवा गरोदर बाई असेल तर हे काम घरी करूच नका.

रंग सोडवणाऱ्या रिमूव्हरची जेल जाड थरात लावून वर प्लॅस्टिकचा कागद टाका, पंधरा-वीस मिनिटांनी फुगलेला रंग बोथट पटाशीनं लाकडाच्या रेषेच्या दिशेनं ढकलत काढा. मिथिलीन क्लोराइड असलेला रिमूव्हर झटपट चालतो, पण त्याची वाफ बंद जागेत जीवघेणी ठरते. अमेरिकेत २०१९ पासून तो घरगुती ग्राहकांना विकायला बंदी आहे. बाथरूममध्ये बसून तो वापरणं हा सर्वांत धोकादायक प्रकार. एन-९५ मास्क धूळ अडवतो, वाफ अडवत नाही. निघालेला रंग पिशवीत बांधून ठेवा, मोरीत सोडू नका.

लाखेचा जुना थर काढायचा असेल तर एवढा खटाटोप नाही. स्पिरिट आणि भांडी घासायची हिरवी नायलॉनची घासणी पुरते. लोखंडी तारेची घासणी टाळा: तिचे बारीक तुकडे रेषांत अडकतात आणि पुढे ओल लागली की काळे ठिपके उमटतात.

घासताना काय चुकतं?

तीन गोष्टी. रेषेला आडवं घासणं. ते ओरखडे पॉलिशखाली ठळक होतात. नंबर गाळणं: १०० वरून एकदम २२० वर गेलं की १०० चे चरे तसेच राहतात आणि २२० कितीही घासला तरी जात नाहीत. आणि कडा गोल करणं, कारण हात आपोआप कडेवर जास्त दाबला जातो.

१०० फक्त खडबडीत जागी, मग १५०, मग २२०. प्रत्येक नंबरानंतर फडक्यानं धूळ पुसून खिडकीच्या तिरप्या उजेडात बघा. वरून पडणाऱ्या ट्यूबलाइटमध्ये चरे दिसत नाहीत. शेवटी ओल्या फडक्यानं हलकं पुसून वाळू द्या: लाकडाचे बारीक तंतू उभे राहतात. ते वापरलेल्या २२० नं अलगद उतरवा. ही पायरी गाळली तर पॉलिशचा पहिला हात खरखरीत येतो.

या टप्प्यावर मन सर्वांत जास्त रमतं. श्वास हाताच्या लयीला जुळतो. गाणी लावायची तर लावा, पण कागदाचा आवाज ऐकू येईल इतपतच. धार गेली की आवाज बदलतो आणि कागद बदलायची वेळ कळते. सागाची आणि शिसवीची धूळ मात्र काहींच्या त्वचेला आणि श्वासाला बाधते, त्यामुळे मास्क काढायचा नाही.

पाय डुगडुगतात. खिळा ठोकला तर चालेल का?

खिळा ठोकू नका. जुना सांधा खाच आणि कुसू (खाचेत बसणारं लाकडाचं टोक) यांचा असतो. खिळ्यानं कुसू चिरतं आणि मग दुरुस्ती खरोखर अवघड होते. सांधा हलक्या हातानं, रबरी हातोडीनं सोडवा. जुना सरस कोमट पाणी आणि व्हिनेगर समप्रमाणात घेऊन मऊ करा आणि पूर्ण खरवडा. नवा सरस जुन्या सरसावर धरत नाही. घरगुती दुरुस्ती महिनाभरात सुटते ती बहुधा यामुळेच. लाकूड पूर्ण वाळल्यावर दोन्ही बाजूंना पातळ सरस लावून सांधा बसवा. क्लॅम्प नसेल तर सुतळीचे दोन वेढे द्या, मध्ये काठी घालून पीळ भरा आणि ती काठी आडणीला, म्हणजे पायांमधल्या आडव्या पट्टीला, अडकवा. बाहेर आलेला सरस तिथल्या तिथे ओल्या फडक्यानं पुसा. राहिलेल्या डागावर पॉलिश चढत नाही, फिकट ठसा दिसतो. २४ तास त्यावर बसायचं नाही.

सरसात भुसा कालवून भेगा भरण्याचा सल्ला सगळीकडे मिळतो. त्याचाही असाच फिकट डाग पडतो. दाट लाखेत त्याच लाकडाची बारीक भुकटी आणि रंगासाठी चिमूटभर गेरू किंवा पिवडी (पिवळी माती) मिसळून भरा.

भोकं दिसतात. वाळवी आहे का?

मातीच्या रेघा असतील तर वाळवी. एक ते तीन मिलिमीटरची गोल भोकं आणि खाली मैद्यासारखी भुकटी असेल तर भुंगा. खसखशीएवढे, कडा असलेले कोरडे दाणे पडत असतील तर लाकडातच राहणारी कोरडी वाळवी. जुन्या भोकांतली कीड कधीच मेलेलीही असते. म्हणून खाली काळा कागद घालून दोन-तीन आठवडे बघा. नवी भुकटी पडली तरच कीड जिवंत. लाकडासाठीचं कीडनाशक तेल इंजेक्शनच्या सिरिंजनं भोकाभोकात सोडा, वस्तू प्लॅस्टिकमध्ये आठवडाभर गुंडाळून ठेवा, मग उघड्यावर पूर्ण वाळवा. वास जाईपर्यंत ती घरात आणू नका. सागाच्या गाभ्याला कीड क्वचित लागते. खाल्लेला असतो तो कडेचा फिकट भाग.

लाखेचं पॉलिश कसं करायचं?

पळस, कुसुम, बोर या झाडांवरच्या किड्यापासून लाख मिळते आणि आपल्याकडे ती सर्वांत जास्त झारखंडात होते. नवशिक्यासाठी याहून दयाळू पॉलिश नाही: चुकलं तर स्पिरिटनं पुसून पुन्हा सुरू करता येतं.

आदल्या रात्री काचेच्या बरणीत ५०० मिली स्पिरिट आणि १०० ग्रॅम चपडा घालून झाकण लावा, अधूनमधून हलवा. सकाळी मलमलीतून गाळा. बरणीवर तारीख लिहा. सहा महिन्यांहून जुनी लाख नीट कडक होत नाही. शंका आली तर काचेवर थेंब टाकून दुसऱ्या दिवशी नख लावून बघा, रुतलं तर ओतून द्या.

पहिले दोन हात मऊ ब्रशनं, पातळ, एका दिशेनं. एकदा फिरवलेल्या जागी ब्रश परत नेऊ नका, ओढला जातो. दोन हातांमध्ये दोन तास. मग ३२० नं अलगद घासून धूळ पुसा. सागाची छिद्रं बुजवायची असतील तर खडूची बारीक भुकटी, थोडी लाख आणि गेरू यांची लापशी फडक्यानं रेषेला आडवी चोळा, वाळली की पुन्हा ३२०. हे केलं नाही तरी बिघडत नाही. उघड्या छिद्रांचा साग आम्हाला अधिक देखणा वाटतो.

आता पोटली. लिंबाएवढा कापूस मलमलीत गुंडाळा, खालचा भाग सुरकुतीशिवाय सपाट हवा. कापसावर लाख ओता, मलमल बांधा, कागदावर दाबून जादा टिपून घ्या. तळाला जवसाच्या तेलाचा एक थेंब. विमान धावपट्टीवर उतरतं तशी पोटली चालत्या हातानं टेकवायची आणि चालत्या हातानंच उचलायची. मध्ये थांबली की तिथे चिकटते आणि थर उपटते. आधी लहान गोल, मग मोठ्या आकाराचा इंग्रजी आठ, शेवटी रेषेच्या दिशेनं सरळ. एका बैठकीत सात-आठ फेरे झाले की हाताला ओढ जाणवेल. तिथे थांबा, आणखी थोडं म्हणू नका. पोटली झाकणाच्या डब्यात ठेवा, पुन्हा दुसऱ्या दिवशी.

अशा चार-पाच बैठकांत थर भरतो. शेवटच्या दोन बैठकांना लाखेत तेवढंच स्पिरिट घालून पातळ करा. सर्वांत शेवटी जवळजवळ कोरड्या पोटलीवर नुसतं स्पिरिट घेऊन हलके सरळ हात: वर आलेलं तेल निघून जातं आणि झळाळी येते. नंतर आठवडाभर त्यावर काही ठेवू नका.

पॉलिश पांढुरकं झालं, चिकट राहिलं, रेघा आल्या. काय करू?

पांढुरकं: हवेतली ओल थरात अडकली. कोरड्या दिवसाची वाट बघा आणि अर्धवट कोरड्या पोटलीवर किंचित स्पिरिट घेऊन भरभर फिरवा. चिकट: लाख जुनी आहे किंवा तेल जास्त झालं. तेल असेल तर दोन दिवस उघडं ठेवा आणि स्पिरिटच्या फेऱ्यानं काढा. लाखच जुनी असेल तर सगळं पुसून नव्यानं. रेघा: पोटली फार ओली. वाळू द्या, ३२० नं उतरवा, पुढचा हात कोरडा ठेवा.

पावसाळ्यात हे काम करता येतं का?

मुंबई-कोकणात जून ते सप्टेंबर लाखेचं काम बंद ठेवलेलं बरं. ऑक्टोबर ते फेब्रुवारी उत्तम काळ. विदर्भात मे महिन्याच्या दुपारी उलटा त्रास होतो, स्पिरिट इतक्या झपाट्यानं उडतं की ब्रश अडतो. तिथे सकाळी सातला बसा. पावसाळ्यात पितळी कड्या-बिजागऱ्या काढून स्वच्छ करा, सांधे दुरुस्त करा. पितळ लाकडावर असताना चिंच किंवा पितांबरी लावू नका, कडेचं लाकूड डागतं. आणि पावसात फुगून अडकलेला खण रंधून घेऊ नका. डिसेंबरात तो खुळखुळा होईल. कडांना मेणबत्ती घासा आणि थांबा.

गरम भांड्याचे आणि पाण्याचे डाग?

पांढरं वर्तुळ थरात असतं. पांढुरक्या पॉलिशसाठी वर सांगितलेल्या स्पिरिटच्या फेऱ्यानं जातं. काळा डाग लाकडात असतो, लोखंड आणि ओल यांचा. तिथला थर काढून ५०० मिली गरम पाण्यात ३० ग्रॅम ऑक्झॅलिक आम्ल काचेच्या किंवा प्लॅस्टिकच्या भांड्यात विरघळवा, ब्रशनं डागासकट पूर्ण फळीवर लावा, वाळू द्या, लागलं तर पुन्हा. नंतर तीन-चारदा पाण्यानं पुसून काढा. ते विषारी आहे: हातमोजे, चष्मा, आणि राहिलेली पांढरी पूड कोरडी घासायची नाही.

जेवणाच्या टेबलाला लाख लावू नका. गरम पातेल्यानं आणि सांडलेल्या दारूनं ती खराब होते. तिथे पीयू. पाटाला जवसाचं तेल आणि मेण.

फ्लॅटमध्ये जागा कुठून आणायची?

गॅलरीत चार फूट बाय तीन फूट पुरतं. खाली जुनी चादर घाला, ती गोळा करून धुळीसकट झटकता येते. वासाचं काम दुपारी, दारं-खिडक्या उघड्या ठेवून. स्पिरिट पेट घेतं, म्हणून गॅस, देवाचा दिवा, उदबत्ती जवळ नको.

आणि एक गोष्ट काटेकोर पाळा: जवसाच्या तेलात भिजलेलं फडकं चुरगाळून कचऱ्यात टाकलं तर आपोआप तापून पेटतं. तेल हवेतला ऑक्सिजन घेत वाळतं, त्यात उष्णता निघते आणि घडीत कोंडली जाते. फडकी एकेरी पसरून बाहेर कडक वाळवा किंवा पाण्यानं भरलेल्या डब्यात बुडवून झाकण लावा. बाटली मुलांच्या हाती लागणार नाही अशी ठेवा. पॉलिशच्या स्पिरिटमध्ये बहुधा मिथेनॉल असतं, ते पोटात गेलं तर डोळे आणि जीव दोन्ही जातात.

कामच टेन्शन देऊ लागलं तर?

बहुतेक वेळा कारण तारीख असते: दिवाळीपर्यंत, पाहुणे यायच्या आत, बारशाला पाळणा हवा. अशी वस्तू कारागिराकडे द्या आणि स्वतःकडे बिनतारखेची ठेवा. बैठकीच्या सुरुवातीला एकच काम ठरवा, "आज फक्त दोन पाय, १५० नंबरनं", आणि ते झालं की उठा. चिडचिड झालेली असताना पोटली हातात घेऊ नका. त्या दिवशी घासायचं काम घ्या, घासण्यात चूक झाली तर सुधारता येते. आणि एकावेळी एकच वस्तू. अर्धवट सोलून ठेवलेल्या तीन खुर्च्या घरातल्या सगळ्यांची शांतता घालवतात.

आरामखुर्चीचं वेतकाम घरी जमेल का?

जमेल, पण तिसऱ्या-चौथ्या वस्तूनंतर. आधी लाकडाचं पॉलिश पूर्ण करायचं, मग विणायचं. चौकटीला भोकं असतील तर हातानं विणायची जाळी: दोन थर उभे, दोन आडवे, दोन तिरपे. जुनी जाळी कापण्याआधी तिचा फोटो काढा आणि भोकं मोजा. वेताची पट्टी कोमट पाण्यात वीसेक मिनिटं भिजवून, ओली असतानाच ओढायची. वाळताना ती आक्रसते आणि जाळी ताठ होते. कोरडी ओढली तर तुटते, फार वेळ भिजवली तर काळी पडते. चौकटीत नुसती खोबण असेल तर तयार विणलेली जाळी खोबणीत ठोकून वर वेताची दोरी सरसानं बसवतात. ते एका दुपारचं काम आहे.

झाल्यावर निगा कशी राखायची?

रोज कोरडं फडकं. साबण, फिनाइल, कॉलिन लाखेला नको. वर्षातून एकदा मेण: १०० ग्रॅम मधमाशांचं मेण गरम पाण्याच्या भांड्यात ठेवून वितळवा, विस्तव बंद करून त्यापासून लांब नेल्यावर २०० मिली टर्पेंटाइन मिसळा, डबीत भरा. बोटभर घेऊन पातळ चोळा, अर्ध्या तासानं सुती फडक्यानं चमकवा. जास्त लावलं तर धूळ धरतं. दुपारचं ऊन थेट पडेल अशा खिडकीशी वस्तू ठेवू नका, आणि गच्चीवर किंवा उघड्या गॅलरीत लाखेची वस्तू पहिल्याच पावसात पांढरी पडेल. बाहेर ठेवायचीच असेल तर लाख न लावता तो साग तसाच सोडा. राखाडी होतो, पण टिकतो.